कात्री दुर्बिणीचं कुंकू

सदर इसम नामे भास्कर मुकुंद निमकर, वय वर्षे अडुसष्ट, मूळ राहणार मिरज, हल्ली मुक्काम र्युसेल्सहाइम. मोटारींच्या कारखान्यातील मापन विभागातून निवृत्त. राष्ट्रीयत्व जर्मन. वर्तणूक उत्तम. कचऱ्याचे वर्गीकरण बिनचूक. जुन्या जर्मन लष्करी दुर्बिणी बाळगतो. त्यामागे कोणताही संशयास्पद हेतू आढळून आलेला नाही. स्थानिक समाजाशी समरसता पूर्ण झाली असून शेजारी व मित्र यांच्याशी संबंध सलोख्याचे आहेत.

असा दाखला भास्कररावांना कुणी दिलेला नाही. मागितला असता तर मात्र शिक्क्यासकट मिळाला असता.

दुर्बिणींचा नाद त्यांना उशिरा लागला. मुलगी उर्जा शिकायला हॅम्बर्गला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि एका रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना एक शेरेनफर्नरोर दिसलं. म्हणजे कात्री दुर्बीण. सशाच्या कानांसारख्या दोन उंच नळ्या. डोळे खाली लावायचे, भिंगं वर. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून, डोकं वर न काढता, पलीकडचा शत्रू मोजायला ती वापरत. डोकं वर न काढता सगळं बघायचं, ही कल्पना जर्मनीत आयुष्य काढलेल्या माणसाला एकदम पटली.

तिथंच फोल्कमार भेटला. तोही त्याच दुर्बिणीसाठी आला होता, पण भास्कररावांचा हात आधी पडला. अशा प्रसंगातून एकतर वैर होतं किंवा मैत्री. मैत्री झाली, असं भास्कररावांनी धरलं. फोल्कमारनंच त्यांना दुर्बीणवाल्यांच्या फेराइनमध्ये नेलं. फेराइन म्हणजे आपलं मंडळ. फरक इतकाच की इथं वर्गणी न मागता येते आणि भांडणं नियमांनुसार होतात.

या मंडळाचा पहिला नियम: जुन्या यंत्रावरचं काही पुसायचं नाही. रंग उडाला, उडू दे. डाग पडला, पडू दे. नवा रंग लावला की यंत्र बाटलं.

भास्कररावांना हे नवं नव्हतं. ऐन उमेदीत ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. तिथं खंडेनवमीला यंत्रं धुऊन त्यांना हळदकुंकू लावत, झेंडू वाहत, आणि मग ते कुंकू कुणी पुसत नसे. ते आपलं आपण जायचं. र्युसेल्सहाइमच्या फ्लॅटमध्ये लेथ नव्हता, म्हणून दर खंडेनवमीला पाटावर कात्री दुर्बीण बसू लागली. पुसायचं नाही या एका मुद्द्यावर दोन्ही धर्मांचं एकमत होतं.

फोल्कमार दरवर्षी श्रीखंडपुरीला हजर. गेल्या वर्षी कुसुमताई म्हणाल्या, "फोल्कमारभावोजी, यंदा तुम्ही लावा की कुंकू."

भास्कररावांनी भाषांतर केलं. फोल्कमारनं ओल्या कुंकवाची वाटी हातात घेतली. आपण एक बोट टेकवून मोकळे होतो. त्यानं दात कोरायची काडी मागितली. दुर्बिणीच्या बैठकीला असलेल्या चकतीवर दिशा मोजण्याचे आकडे कोरलेले असतात, त्यातला एकेक आकडा तो कुंकवानं भरत गेला. पुऱ्या निवल्या.

"अहो, त्यांना सांगा, देवीला घाई नसते पण माणसांना भूक असते," कुसुमताई म्हणाल्या.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं काय ते न कळता फोल्कमार म्हणाला आणि पुढचा आकडा भरायला घेतला.

या वर्षी मंडळानं नगरभवनात प्रदर्शन ठरवलं. दर्शनी कपाटात मधोमध एकच यंत्र राहणार होतं. भास्कररावांनी आपली दुर्बीण पुढे केली. इतकी वर्षं ते खुर्च्या लावत आले, समोसे नेत आले. त्यांचं एकही यंत्र प्रदर्शनात लागलं नव्हतं. उर्जा हॅम्बर्गहून येणार होती. 'निमकर यांच्या संग्रहातून' ही पाटी तिनं बघावी, एवढीच इच्छा. त्याच जागेसाठी आलेली दुसरी दुर्बीण फोल्कमारची होती. ती चांगली होती, पण तिचा एक पाय नंतर बसवलेला होता.

निवडीची बैठक एका बिअरगृहाच्या मागच्या खोलीत भरली. अध्यक्ष वेंडेलिनबाईंनी चकतीवर भिंग धरलं.

"श्रीयुत निमकर, हे आकडे लाल कसे?"

"ते कुंकू आहे. पूजेचं," भास्करराव म्हणाले आणि खुशाल फोल्कमारकडे पाहिलं. आता तो हसेल, काडीची गोष्ट सांगेल, सगळे हसतील. गोष्ट तशी सांगण्यासारखीच होती.

वेंडेलिनबाईंनीही फोल्कमारकडेच पाहिलं. जाणकार तोच. त्यानं चष्मा चढवला, दुर्बिणीभोवती एक फेरी मारली.

"काम सफाईदार आहे," तो म्हणाला. "हात स्थिर असलेल्या माणसाचं आहे. पण नंतरचं आहे."

"अरे, तूच भरलेस ते!" भास्करराव म्हणाले. "आमच्या घरी, गेल्या ऑक्टोबरात!"

फोल्कमार हसला. "भास्करकडचं जेवण फार छान असतं. त्यानंतर मी कोरीवकाम करण्याच्या स्थितीत नसतो." खोली हसली.

"दुसरं कुणी होतं तिथं?" वेंडेलिनबाई.

"माझी बायको."

"सभासद आहे?"

नव्हती. ही दुर्बीण नको म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत, असं मत घेतलं. फोल्कमारचा हात सर्वांत आधी वर गेला नाही, हे नमूद करायला हवं. तो दुसरा होता.

बाहेर पार्किंगमध्ये दुर्बीण गाडीत ठेवताना तो मदतीला आला. "मनाला लावून घेऊ नकोस. प्रश्न माणसाचा नाही, यंत्राचा आहे. मी ते स्वच्छ करून देतो ना. पुढच्या प्रदर्शनात तुझं लागेल."

भास्कररावांनी डिकी लावली. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर केसाएवढे फरक पकडले होते. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात मात्र कालच्यापेक्षा काहीच वेगळं दिसेना. तेच त्यांना जास्त लागलं.

घरी कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे भरलंही त्यानं, आणि खोडणारही तोच? फार कामाचा हो माणूस!"

फोनवर उर्जा जर्मनमध्ये म्हणाली, "पण बाबा, तुम्ही दोघंही एकाच जागेसाठी उभे होतात. त्याच्याकडून तुमची अपेक्षा काय होती?"

यावर भास्कररावांना उत्तर सुचलं ते मराठीत. ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

प्रदर्शन झालं. मधोमध फोल्कमारची दुर्बीण, नव्या पायासकट. कुठला पाय नवा, हे विचारायची पद्धत नव्हती. भास्करराव उद्घाटनाला गेले आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या लावून आले. समोसे नेले नाहीत. ते कुणाच्या लक्षात आल्याचं ऐकिवात नाही.

मग खंडेनवमी आली. कुसुमताईंनी पाट मांडला, कात्री दुर्बीण बसवली. आकड्यांतलं कुंकू ठिकठिकाणी निघालं होतं. त्यांनी वाटीत पाणी घालून कुंकू कालवलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"घ्या. बोट टेकवा नाहीतर काडी घ्या, तुमचं तुम्ही ठरवा."

भास्करराव काडी घेऊन बसले. अर्धी चकती भरून झाली असेल, तेव्हा बेल वाजली. कुसुमताईंनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं.

"अहो, तेच आहेत. हातात झेंडूची कुंडी आहे."

भास्कररावांनी पुढचा आकडा भरला. बेल पुन्हा वाजली. कुसुमताईंनी तळणीखालची आच कमी केली आणि वाट पाहिली.

भास्करराव घरीच होते. दार उघडलं नाही.