ओंजळीतला उजेड

नंबरप्लेटवाल्या मावशीला दिसेनासं झालंय, ही बातमी गल्लीत सोडली इस्त्रीवाल्याने. त्याने स्वतः पाहिलं म्हणे: बाई कॅनव्हासवर पाण्यासारखा पातळ रंग फासते, उमटत काहीच नाही, तरी खुशीत मान डोलावते! साफ खोटं. तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय ते सांगणारी बाई ती.

झालं होतं असं, की तीस वर्षं गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवलेल्या मावशीने वाचनालयातलं एक चित्र नव्याने काढायला घेतलं होतं. काळोख्या पाण्यात उभी बाई, डोळे मिटलेले, ओंजळीत उजेड. भिंतीवरची छापील प्रत उन्हाने पार विटलेली. ग्रंथपाल म्हणाले होते, "दोन महिने घ्या, मग शनिवारी आणा. दारातून उजेड दिसला तर लावू, नाहीतर तिथे सूचनाफलक."

निळा, तपकिरी, पिवळा. बस्स, तीनच रंग! तेलात पातळ केलेला एक थर द्यायचा, आठवडाभर वाळवायचा, मग पुढचा. ओंजळीपाशी थर अगदी विरळ, म्हणजे खालचा कोरा पांढरा कॅनव्हास आतून झिरपतो. एका फटक्यात आकडा उरकणाऱ्या मावशीचा वाट बघून बघून जीव नुसता वरखाली.

ठरल्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, नववा आणि शेवटचा थर वाळला. मावशीचा धाकटा भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"ताई, ओंजळीत पांढरा टाक की जरा! आकड्यांना देतेस तशी चमक. लखलखेल बघ!"

हात सवयीचा. गेला फटकारा, आणि ओंजळ विझली! उजेडाच्या जागी चुन्याचा डाग. भाऊ दोन पावलं मागे सरकला, तिसरं थेट जिन्यात.

 दोरीवरचं हाताला लागलं ते फडकं मावशीने टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, श्वास रोखला आणि हलकेच फिरवलं. वरचा ओला पांढरा तेवढा निघाला. खालचे वाळलेले थर ढिम्म हलले नाहीत. ओंजळ पुन्हा पेटली!

"अगं बाई! अगं बाई गं!" मावशी दारापर्यंत मागे जाई, पुन्हा धावत पुढे येई. "अरे मेल्या, वर ये! बघ तरी!"

शनिवारी ग्रंथपाल दारातच थबकले. मग एकदम ओरडले, "अहो, खिळा आणा कुणीतरी!"

भाऊ लगेच पुढे सरसावला. "आमचाही हातभार आहे हो. शेवटची सूचना माझीच."

मावशी म्हणाली, "आहे तर! बिघडलं तुझ्या सूचनेने, आणि पुसलं तुझ्या नव्या बनियनने."