पुलावरचं पहिलं पाऊल

पुरात लुंग्शी गावचा लाकडी पूल वाहून गेला, तेव्हा शुइगन सुतार ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला होता. आजोबांनी बांधलेला पूल तो. पुढे सगळीकडे सिमेंटचे पूल आले आणि त्या बिचाऱ्याच्या हातांना उरलं फक्त शवपेट्यांचं काम. निम्मं आयुष्य त्यात गेलं, पण त्याने कधी तोंडातून ब्र काढला नाही. त्याच्या म्हातारपणी गावाने पुन्हा तसाच पूल बांधायला वर्गणी काढली, डोंगरातून सरळसोट खोडं उतरवली आणि त्याला बोलावलं, तेव्हा कुठे गडी माणसात आला.

पुलात खिळा एक नाही. खोडं एकमेकांत वरखाली अशी गुंतवायची, की भार वाढेल तशी पकड घट्ट होते. वर कौलारू छप्पर, पण ते वाटसरूंसाठी असतं असं कुणी म्हटलं की शुइगन भडकायचा. "तुमच्यासाठी कशाला? पुलासाठी! लाकूड कोरडं राहतं आणि कौलांच्या वजनाने कमान जागेवर बसते. हलका पूल पुराला आयताच सापडतो."

नव्या पुलावर पहिलं पाऊल टाकायचा मान जोडप्याचा. दोघं हयात हवीत आणि एकही लेकरू गेलेलं नको, नाहीतर पूल टिकत नाही, असं तिथे सगळे मानतात. गावातले वडीलधारे वूकाका आदल्या दिवशी घरी आले.

"शुइगन, तुझ्याशिवाय आहे कोण? तीन मुलगे, तिघेही धडधाकट. उद्या नवा सदरा घाल हो, नाहीतर येशील भुसा झटकत!"

शुइगन लाजून हसला. आयुष्यात त्याला दुसरं काही नकोच होतं.

काका गेल्यावर त्याची बायको च्याओयुन म्हणाली, "मी नाही येणार."

"वेड लागलंय का तुला?"

"मला तीन नाही, चार झाली."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शुइगन पलीकडच्या खोऱ्यात पूल बांधत होता. परतला तेव्हा पाळणा रिकामा होता. पोर तापाने गेली एवढंच त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"अगं, महिन्याचीसुद्धा नव्हती. कोण धरतंय तिला?"

"मी धरते. तुमच्याच पुलावर मला खोटं चालायला लावू नका."

"जन्मभर याच दिवसाची वाट बघितली गं मी."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सकाळी तो वूकाकांच्या दारात उभा राहिला. "काका, दुसरं जोडपं बघा. आमची मुलगी गेलीय."

"अरे, एवढ्याशा जिवाला कुणी मुलगी म्हणतं का?"

"मुलगीच होती."

मान शेजारच्या जोडप्याकडे गेला. फटाके वाजले, लोक हसत-खिदळत पूल ओलांडू लागले. शुइगन बायकोशेजारी काठावर उभा होता. आतून तो पार तुटला होता.

"नाव ठेवलं होतंस का गं तिचं?"

"हाक मारायला नको?" ती म्हणाली. "आमान."

शुइगनने ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. च्याओयुनने तोंडावर हात धरला आणि तिथेच खाली बसली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं.