डबामास्तर आणि धाकूची होडी

डबामास्तर आपल्याकडे बघत आहेत की आपल्यावर पडलेल्या उन्हाकडे, हे मला कधीच कळलं नाही. मुरुडच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी गणित, आणि राहायचो शेजारी. एकदा त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा आतून काळा रंगवला, सुईने भोक पाडलं आणि म्हणाले, "हा कॅमेरा."

"काच कुठाय?"

"काच नाही. उजेडाला एवढीशी वाट पुरते."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

त्यांनाही सगळं कळलेलं असे अशातला भाग नाही. अलिबागहून आणवलेला फोटोचा कागद डब्यात लावायचा, भोकावरची चिकटपट्टी काढायची आणि ताटकळत बसायचं. फोटोत शाळा यायची, नारळी यायच्या, पण अंगणातली पोरं गायब. "होती ना हो इथेच?" असं ते मलाच विचारायचे. हलणारं काही या डब्यात टिकत नाही, हे बरेच कागद फुकट गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

कोळीवाड्यातल्या धाकू तांडेलाने जुनी होडी मोडायला काढली. दुसऱ्या दिवशी सुतार येणार, म्हणून त्याची बायको हिराबाई मास्तरांकडे आली. "जायच्या आदी तिचा फोटू काढा. नवरी व्हऊन आले ती तिच्यातनंच."

मास्तरांकडे एकच कागद उरला होता. ओहोटीला होडी चिखलात निवांत पडून असते, म्हणून त्यांनी नेमकी ती वेळ धरली. डबा दगडावर ठेवला, पट्टी काढली. तेवढ्यात हिराबाईने जेवायला बसवलं. दारात आलेल्याला उपाशी पाठवायची तिथे रीतच नाही. मास्तर नको नको म्हणत बसले आणि कालवणात रमले. बाहेर येतात तो भरती लागलेली, होडी पाण्यावर उठून बाजूला सरकलेली.

कागद धुतला तर त्यावर दोन होड्या. एक चिखलात कललेली, दुसरी पाण्यात सरळ, आणि दोन्ही इतक्या पुसट की त्यांच्यातून पलीकडचा किनारा दिसावा. तोवर सुतारांनी फळ्या सुट्या केल्या होत्या. "कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणत मास्तर कितीतरी दिवस कोळीवाड्याकडे फिरकले नाहीत. शेवटी मीच त्यांना ओढून नेलं.

धाकूने फोटो उलटासुलटा करून पाहिला. "दोन कशा? माजी तर येकच व्हती."

मास्तर भरतीचं, जेवणाचं, पट्टीचं सांगू लागले. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हिराबाईने फोटोवर बोट ठेवलं. "ही दमून आलेली हाय. नि ही निगालेली." मग आतून करंडा आणून तिने दोन्ही होड्यांना हळदकुंकू लावलं. धाकू भिंतीकडे तोंड करून बसला.

परतताना मास्तर वाटेतच थांबले. "मी तिची होडी घालवली की दिली? खरं सांगा."

"विचार करून सांगतो," म्हणून मी चालू लागलो. पुढे मास्तरांची बदली झाली, मग ते गेल्याचंही कळलं. आता उत्तर सापडलं तरी ऐकायला ते नाहीत, याचं फार वाईट वाटतं.