डोमाजींच्या धानाचा दोष नव्हता

खालचं झाकण उचललं आणि टेबलावर धान सांडलं. तांदूळ नव्हे, धान. सालासकट. लॅपटॉप तिरपा केला तर आणखी पाच-सहा दाणे घरंगळत आले.

"हे काय वो सुनंदा?" मी विचारलं.

सुनंदा समोरच्या बाकावर बसली होती. सानगडीकडच्या एका तलावाकाठच्या गावची सून. नवरा आणि सासरे मासे धरतात, ती ओसरीत लॅपटॉप मांडून गावाचे ऑनलाइन फॉर्म भरते. तिनं शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे नुसती मान वळवली.

"मामाजीले विचारा."

सासरे म्हणजे डोमाजी. सत्तरीचे, माझ्याच वयाचे. जाळं विणण्यापासून डोंगा दुरुस्त करण्यापर्यंत घरातलं सगळं काम त्यांच्या हातचं. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "मीच ठेवलो जी ढोलीत. तीन दिवस. मोबाईल भिजला का तांदळात ठेवतेत ना लोक? लॅपटॉप तं मोठा आहे. त्याले धान पाहिजे."

ढोली म्हणजे बांबूची, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी. त्यात त्यांनी लॅपटॉप गळ्यापर्यंत पुरला होता.

"पण भिजला कसा?"

"मरळीनं भिजवला," सुनंदा म्हणाली. "मामाजीनं जिवंत मरळ बादलीत आणून माह्या टेबलापाशी ठेवली. म्हणे गिऱ्हाईक येऊन राहिलं. ते उसळली अन् अर्धी बादली कीबोर्डवर."

"गिऱ्हाईक आलं होतं ना पण!" डोमाजी म्हणाले.

तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लाखनीला महामार्गाच्या कडेला माझं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जग जसं बदललं तसा बोर्डावरचा रंग बदलत गेलो. या लॅपटॉपची गोष्ट मी लोकांना अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी खोटी सांगितली आहे. आता खरी लिहितो.

मी दोघांना चार वाजता यायला सांगितलं आणि कामाला लागलो. लॅपटॉप उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. आतमध्ये वीज शिल्लक असताना कुठे हात लावायचा नाही. मग तपासणी. कीबोर्ड गेलेला होता, पाण्यानं आतून काळा पडला होता. फॅनमध्ये दोन दाणे अडकले होते आणि धानाची कुसळं पात्यांना चिकटली होती. फॅन म्हणजे लॅपटॉपचं नाक. ते बंद झालं की मशीन तापतं. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मुख्य पाटी, मात्र वाचली होती. बटणांखालच्या प्लॅस्टिकनं पाणी वरच्यावर धरलं होतं. मी बोर्ड ब्रशनं साफ केला, नवा कीबोर्ड बसवला, दुसरा फॅन लावला, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. चालू! सुनंदाचे सगळे फॉर्म, सगळे फोटो जागच्या जागी.

इथपर्यंत मी जे सांगत आलो ते खरं आहे.

आता स्क्रूंबद्दल दोन शब्द. लॅपटॉपच्या झाकणाला दहा-बारा स्क्रू असतात. सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. बिजागरीकडचे लांब, पुढच्या बाजूचे आखूड. म्हणून माझी वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपचं चित्र काढायचं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायचा. माझ्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी हे आधी शिकवलं, स्क्रूड्रायव्हर नंतर दिला.

त्या दिवशी मी थर्माकोलवरचे सगळे स्क्रू उपटून एका बशीत टाकले होते.

कारण काय, तर टेबल मोकळं करून मला धान दाखवायचं होतं. लॅपटॉपमधून धान निघालं ही गंमत एकट्यानं बघायची नव्हती. पानठेलेवाला आला, मेडिकलवाला आला, टायरवाला आला. मी दाणे एका बशीत, स्क्रू दुसऱ्या बशीत ठेवून प्रदर्शन मांडलं. "भाऊ, यंदा किती पिकलं लॅपटॉपमधी?" असं कुणी विचारायचं आणि आम्ही सगळे हसायचो. हसता हसता मी झाकण लावायला घेतलं. लांबी नजरेनंच कळते, चाळीस वर्षं झाली, असा माझा समज.

पुढच्या कोपऱ्यातला स्क्रू शेवटी थोडा जड गेला. अशा वेळी थांबायचं असतं. मी अर्धा वेढा जास्त दिला.

आतून बारीकसा कट् आवाज आला.

बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला. काही नाही. झाकण पुन्हा उघडलं तर त्या भोकाच्या बाजूला मदरबोर्डवर मुंगीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला होता आणि त्याचं टोक बोर्डात घुसलं होतं. बोर्ड दिसतो पातळ, पण त्याच्या पोटात तारांचे थर असतात. एकावर एक, पोळीच्या पदरांसारखे. ते आतल्या आत एकमेकांना चिकटले की माझ्यासारख्याच्या हातून काही होत नाही.

पानठेलेवाला म्हणाला, "काय झालं जी?"

मी म्हणालो, "काही नाई."

बरोबर चारला सुनंदा आणि डोमाजी दारात. सुनंदानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"गेला का, काका?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण मघाचे तीन प्रेक्षक अजून तिथेच उभे होते. चाळीस वर्षांचा मेकॅनिक, आणि लांब-आखूड कळलं नाही? तोंडातून भलतंच निघालं.

"धानाची कुसळं आत गेली वो. बोर्डावर शॉर्ट झालं. पाण्यानं नसता गेला तो. धानानं गेला."

डोमाजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याची घडी घालत बसले. सुनंदा त्यांना म्हणाली, "सांगितलं होतं ना मामाजी, तुमी नका हात लावत जाऊ म्हणून!" टायरवाला हसला. मीसुद्धा थोडा हसलो. ते हसणं मला सगळ्यात जास्त आठवतं.

तिच्या हार्ड डिस्कला काही झालं नव्हतं. ती काढून मी दुकानातल्या माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि तो तिला देऊन टाकला. म्हटलं, वापर. तिला वाटलं मी देवमाणूस. त्या दिवसापासून तलावात जाळं पडलं की माझ्या घरी मासे येऊ लागले. कधी मरळ, कधी झिंगे. कोणाच्यातरी मोटारसायकलवर पिशवी यायची. बायको छान रस्सा करायची आणि मी खाली मान घालून जेवायचो.

"मासे खाता का औषध घेता?" ती विचारायची.

मी म्हणायचो काटे काढतो आहे.

अशी तीन वर्षं गेली. यंदा दिवाळीनंतर डोमाजी एकटेच दुकानात आले. खिशातून पिशवी काढली, पिशवीत रुमाल, रुमालात मोबाईल. रुमाल टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधले.

"आवाज येत नाई जी त्यातून. तुमीच काढा बाहेर. मी नाई हात लावत अशा वस्तूले."

"मोबाईल तुमचाच आहे ना?"

"माहाच आहे. पण सून म्हणते, तुमी दाबू नका, बिघडवसान. टीव्ही बी नातूच लावून देते. बाजारात पोरं म्हणतेत, धान-इंजिनिअर आला." ते हसले. पण हात मागेच होते.

स्पीकरच्या जाळीत कचरा होता, एवढंच. ब्रश फिरवला आणि आवाज आला. माणूस निघून गेला आणि मी शटर अर्धं ओढून बसलो. जाळं, डोंगा, पंप, सायकल, सगळं उघडून बघणारा माणूस, आणि स्वतःच्या फोनला हात लावायला भितो. हे माझ्या अर्ध्या वेढ्यानं झालं नव्हतं. त्यानंतरच्या एका वाक्यानं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या गावी गेलो. सुनंदानं चहा ठेवला. चहा व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं, नाहीतर तो पिऊन परत आलो असतो.

सुनंदानं चहा चुलीवरून उतरवला. मग म्हणाली, "काका, तीन वर्षं मी मामाजीले ऐकवून राहिली. रोज." थोड्या वेळानं आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. "अन् तुमी तीन वर्षं मासे खाल्ले!"

"खाल्ले."

"झिंगे बी?"

"झिंगे बी."

तिला राग आवरेना आणि हसूही आवरेना. डोमाजी ओसरीत जाळ्याची गाठ मारत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन हात जोडले. त्यांनी गाठ पुरी केली.

"मले सांगून काय फायदा, भाऊ? मी काही नाई केलो हे मले तं तेव्हाच वाटत होतं. सुनेले सांगितलं, चांगलं केलं. पण हसले ते लोक. आता बाजारात येऊन सांगा."

म्हणून सानगडीच्या आठवडी बाजारात मी एक अख्खी सकाळ डोमाजींच्या मासळीच्या दुकानावर बसलो. गिऱ्हाईक आलं की डोमाजी तराजू थांबवायचे. "आधी या मेकॅनिकले काय म्हणायचं आहे ते ऐका. मंग मासे." मी सांगायचो. लांब स्क्रू, आखूड भोक, अर्धा वेढा. पहिल्या चार-पाच वेळा नजर मासळीवरच ठेवून सांगितलं. नंतर सवय झाली. दहाच्या सुमारास डोमाजींना माझं सांगणं फिकं वाटू लागलं आणि त्यांनी गोष्ट स्वतःच्या हातात घेतली. त्यांच्या गोष्टीत स्क्रू बोटाएवढा होता आणि कट् हा आवाज पानठेल्यापर्यंत गेला होता. मी फक्त मान डोलवायची. बाराच्या आत मासळी संपली.

एका बाईनं पिशवी उचलता उचलता विचारलं, "मंग धानात ठेवल्यानं लॅपटॉप सुधरते का हो?"

"सुधरते ना!" डोमाजी म्हणाले. "माहा सुधरलाच होता. यांनी मारला."

"नाई, नाई," मी घाईनं म्हणालो. "धानात अजिबात ठेवू नका. कुसळं फॅनमधी जातेत. पाणी पडलं का बंद करा, उलटा धरा अन् सरळ दुकानात आणा."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "तुमचं काय ऐकावं जी? तुमी तं आधी बी हेच म्हणत होते."

डोमाजी आता फोनला हात लावतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तो उघडूनही पाहिला. आता माझ्याकडे आहे, तीन तुकड्यांत. मासे यायचे बंद झाले नाहीत, फक्त आता सुनंदा त्यांचे पैसे घेते.

आणि त्या बाजारानंतर माझ्याकडे दोन लॅपटॉप आणि एक टीव्हीचा रिमोट धानासकट आले. प्रत्येक वेळी मी समजावतो की धानात ठेवू नका. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण एकदा मी ती खोट्या कामाला वापरली, आणि आता तालुक्यात माझ्या तोंडून ती कोणाला पटत नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी मेकॅनिकला विचारून खात्री करून घ्या.