मांडीखाली दाबलेला हात

...तर दहामोज्यानं उजवा हात स्वतःच्याच मांडीखाली कोंबला आणि त्यावर ठाण मांडलं, इथवर आपण आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो, नाहीतर वऱ्हाडात शिरलेल्या पाहुण्याला नवरा कोणता तेच कळायचं नाही.

दहामोजे हे काही त्याचं आडनाव नव्हे. तो रेडिओ केंद्रावर, यंत्रांच्या खोलीत बसायचा. तिथला कायदा असा की, आवाज थांबला तर दहा मोजायचे आणि तरी कुणी बोललं नाही, तर शेजारी कायम तयार असलेली व्हायोलिनची तबकडी सोडायची. रेडिओ मुका पडला की लोकांना वाटतं, जगच बुडालं. सारी हयात या माणसानं दहा मोजण्यात घालवली. बायको बोलता बोलता दम खायला थांबली, तरी याची बोटं चाळवायची.

"मी मेले तरी तुम्ही आधी दहा मोजाल," ती म्हणायची.

हल्ली मात्र ती अंथरुणाला खिळली होती, आणि ते अंथरूण होतं केंद्राच्या क्वार्टरमध्ये. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं.

लेक एकुलती एक आणि कलाकार. रंग-कुंचले सोडून ती रेडिओ आणि टेलिफोनच्या नादी लागलेली. तिच्या मंडळींनी एकदा टीव्ही उलटा टांगून प्रदर्शन भरवलं, तेव्हा आईनं विचारलं होतं, "आणि बघणारे काय डोक्यावर उभे राहणार का गं?"

बारा ठिकाणी नकार पचवून तिला केंद्रावर बातम्यांआधीची काही मिनिटं मिळाली. साहेबांची अट एकच, दहाचा कायदा मोडायचा नाही. ती बापाला म्हणाली, "बाबा, बातम्या लागेपर्यंत तबकडी सोडू नका. ही संधी हुकली तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

तो तबकडी पुसत राहिला.

काचेपलीकडे माइकसमोर बसून ती बोलली, "आजवर रेडिओ बोलला आणि तुम्ही ऐकलंत. आता तुम्ही बोला. रेडिओ ऐकेल." आणि गप्प झाली. नजर बापावर.

दहा झाले. हात आपसूक उठला, पाळलेला बैल संध्याकाळी गोठ्याकडे वळतो तसा. तेव्हा त्यानं तो मांडीखाली दाबला. टेलिफोन ठणाणा वाजू लागले. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण बूड हललं नाही.

आणि इथंच घात झाला. बातम्यांचा लाल दिवा लागला, लेकीचं काम तडीस गेलं, आता बातम्यांचा आवाज जोडायला फक्त बटण फिरवायचं. पण हात बधिर झालेला, नुसता ओंडका. घाईघाईनं डावा घातला, त्यानं बटण उलटं फिरवलं. काचेआड बातम्या वाचणारा पाण्यातल्या माशासारखे ओठ हलवत राहिला आणि शहरभर मुकेपणा पसरत गेला. शेवटी साहेबांनीच धावत येऊन बटण फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक साहेबांच्या टेबलासमोर उभे. साहेब माणूस वाईट नव्हता.

"वरून विचारणा झालीय," ते म्हणाले. "मुद्दाम केलंत म्हणालात, तर माझे हात बांधलेले आहेत. डोळा लागला म्हणा, समज देऊन सोडतो. वर्तमानपत्रालाही तेच सांगू."

म्हणजे लेकीचं इतक्या वर्षांचं काम बापाच्या घोरण्याच्या खात्यात जाणार. ते तिलाही कळलं होतं. तरी तिनंच त्याची बाही ओढली. "म्हणा ना, बाबा. आईला कुठं नेणार आपण? माझं काय, मी दुसरं काहीतरी करीन."

खोलीत बराच वेळ कुणी बोलेना. दहा कधीच उलटून गेले असतील, पण दहामोज्यानं ते मोजले नाहीत. मग साहेबांकडे बघत तो म्हणाला,

"डोळा लागला असता ना साहेब, तर हातानं सवयीनं तबकडी सोडली असती. मी टक्क जागा होतो. क्वार्टर कधी खाली करायचं तेवढं सांगा, घरात आजारी माणूस आहे."