कोमलच्या दप्तरातल्या पुड्या

"म्याडम, दाखला द्या. पोरगी उद्यापासून येनार न्हाई."

कोमलचे वडील माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. कोमल दाराशी, मान खाली घालून. बारावीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद. तो त्यांच्या हातात पडला असता, तर तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं.

आग मीच लावली होती. श्रीगोंदा तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवते. बारावी 'अ'ची क्लास टीचर. आदल्या दिवशी दप्तरं तपासताना कोमलकडे गुटख्याच्या पुड्या सापडल्या. युनिट टेस्टला तिचे मार्क घसरलेले. 'ब' तुकडीतल्या ऋषीबरोबर ती फिरते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. मुलगा, व्यसन, मार्क. मी परस्पर बेरीज केली आणि तिला एका शब्दानं न विचारता घरी फोन लावला. डोकंच तापट माझं.

"पुड्या कुणाच्या?" आता विचारलं.

"ऋषीच्या. रोज सकाळी मी काढून घेते. त्याला सोडायचंय."

"आन तू त्याची कोन?" वडील ओरडले.

"आमचं जमलंय, अप्पा."

त्यांचा हात उठला. मी मध्ये गेले.

मग 'ब'ची मार्कांची शीट मागवली. आम्ही क्लास टीचर आपल्या तुकडीपलीकडे बघतच नाही. ऋषी पहिल्या टेस्टला गणितात नापास, दुसऱ्या टेस्टला चांगला पास. कोमलला विचारलं, तेव्हा कळलं: स्वतःचा अभ्यास सोडून ती त्याला शिकवत होती.

"दादा, चूक माझी. आधी तिला विचारायला हवं होतं."

"मी गावात तोंड कसं दाखवू?"

"परीक्षेपर्यंत दोघं भेटणार नाहीत. त्याच्या पुड्या मी काढून घेईन. पण दाखला मागू नका."

"परीक्षा हुंद्या. मंग बघू," वडील म्हणाले आणि निघाले.

कोमल चांगल्या मार्कांनी पास झाली. आता नगरला शिकते.

त्या दिवसानंतर ऋषीनं तीन दिवस पुड्या आणून दिल्या. चौथ्या दिवशी आला नाही, म्हणून मीच वर्गात गाठलं.

"म्याडम, तुमच्यासाठी कशाला सोडू?"

उद्धटपणा नव्हता त्यात. पोरगा खरंच विचारत होता. बारावीला तो गणितात नापास झाला.

कुणाला कुणापासून तोडायचं असेल, तर दूर केलेल्या माणसाचं काम आपल्याला जमेल का, हे आधी बघावं. मला जमलं नाही.