हजेरी क्रमांक तेवीस

तानाबाईंचं चुकलं की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

राधानगरी रस्त्यावरच्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवते. वर्गासाठी मी हौसेनं एक वेबसाइट केली. त्यावर रोजचा धडा, सोडवलेली गणितं आणि खाली शंका विचारायला चौकट. आपला हजेरी क्रमांक टाकला की मुलाचं नाव येतं आणि पान उघडतं; कोण कधी आलं, किती वेळ थांबलं, ते मला दिसतं. चाळीसांतली पाच-सहा मुलं कधीतरी डोकावायची. बाकीच्यांचा मला भयंकर राग यायचा.

अशात तेवीस नंबरची साक्षी सायकलवरून पडली. सहा आठवडे पायाला प्लास्टर. गणितात पोरगी आधीच कच्ची, त्यात सहामाही तोंडावर. तिची आई तानाबाई पदर सावरत शाळेत आली.

"पोरगी मागं पडंल का वो बाई?"

"रोज न चुकता वर्गाचं पान उघडा," मी म्हणाले. "काही मागं पडत नाही." त्यांच्या फोनवर नंबर कसा टाकायचा तेही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून तेवीस नंबर सकाळी सहाला हजर, संध्याकाळी सहाला हजर. रविवार नाही की सण नाही. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ते दाखवत सुटले. एक गोष्ट मात्र कळत नव्हती. पान उघडायचं आणि अर्ध्या मिनिटात बंद व्हायचं. एवढ्यात पोरगी वाचते काय? पण कौतुकाच्या भरात मी तो विचार बाजूला सारला.

पाचव्या आठवड्यात शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. साक्षी पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. मी दोन चलांचं एक सोपं समीकरण घातलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"हे कवा शिकवलं, बाई?"

माझा पारा चढला. "रोज दोनदा पान उघडतेस ना?"

"मी? फोन आईजवळ असतोय. घरात रेंजच न्हाय."

तेवढ्यात तानाबाई दुधाचा रिकामा कॅन घेऊन दारात आल्या. "मी उघडतो की, बाई! डेअरीत रेंज येती. सकाळ-संध्याकाळ पोरीचा नंबर टाकतो. एक खाडा न्हाय!"

अभिमानानं सांगत होत्या. मला हसू येईना, ओरडताही येईना. ही बाई अठरा वर्षं गावच्या डेअरीत दूध घालते. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, तो रविवारी येणार. साक्षी जन्मली त्या दिवशीसुद्धा हिनं जावेकरवी दूध वेळेवर पोचवलं होतं. डेअरीत सभासद नंबर सांगायचा, दूध मापायचं, चिठ्ठी घ्यायची आणि घरी यायचं. इथंही नंबर टाकला, पोरीचं नाव आलं. हजेरी लागली. पान बंद.

"अहो, पण त्यातला धडा साक्षीनं वाचायचा होता," मी म्हणाले.

"वाचायचा बी असतोय?" त्या माझ्याकडं, मग साक्षीकडं, मग प्लास्टरकडं बघू लागल्या. कॅन खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसल्या. "म्हंजे पाच आठवडं पोरगी नुसतीच बसली व्हय? आन् म्या कशाची हजेरी लावली?"

मी 'उघडा' म्हणाले होते. 'साक्षीला दाखवा' म्हणायचं राहूनच गेलं होतं. परीक्षेला दहा दिवस होते. लाजेनं चहासुद्धा न घेता मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंब्याच्या माझ्या घरी फोन समोर ठेवून बसले. सहा वाजले, तेवीस नंबर नाही. सव्वासहा झाले तरी नाही. बाईनं नाद सोडला असं वाटून मी पुन्हा पुन्हा यादी बघत राहिले. साडेसहाला पान उघडलं. अर्धं मिनिट गेलं, दहा मिनिटं गेली, ते काही बंद होईना. आठ वाजता शंकेच्या चौकटीत मजकूर आला.

"बाई, चुलत्यानं गाडीवरनं डेअरीच्या कट्ट्यावर आणून सोडलंय. पहिल्या धड्यापास्नं बघतोय. आई कॅन घिऊन शेजारीच उभी हाय, घरला जाईना. विचारती, आता तरी हजेरी लागली का?"

"लागली," मी लिहिलं. डोळे पुसून पुढं आणखी एक शब्द घातला, "दोघींची."